तारीख आधी, पील नंतर

नमस्कार श्रोतेहो.

लग्नाचा मुहूर्त निघाला की हॉल, केटरर आणि मेकअपवाली यांच्या जोडीला हल्ली आणखी एक बुकिंग होतं, चेहऱ्याच्या पीलचं नाहीतर लेझरचं. नवरीच येते असं नाही, नवरदेव येतात, विहीणबाईही येतात. पीलला माझी हरकत नाही, हरकत आहे ती तारखेला. शुक्रवारी पील आणि रविवारी हळद! ख्रिस्ती घर असेल तर रोस. नुकत्याच सोललेल्या कातडीवर हळद-तेल किंवा नारळाचा रस चोळायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यावर मेकअपचे थर चढवायचे. मग फोटोत गाल लाल दिसले की दोष पीलवर.

केमिकल पीलमध्ये आम्ल लावून कातडीचा वरचा थर मोजूनमापून सोलतात. मायक्रोनीडलिंगमध्ये बारीक सुया टोचतात, लेझरमध्ये उष्णता वापरतात. काहीही करा, ती हिशेबाने केलेली जखमच असते, आणि ती भरून येताना जो बदल होतो त्यासाठी आपण पैसे मोजतो. हलक्या पीलची सालं साधारण ३ ते ७ दिवसांत निघून जातात. खालचं कोलॅजन, म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रथिन, मात्र महिनोन्महिने घडत राहतं. म्हणून लग्नासाठी हलकं पील करायचं तर किमान महिनाभर आधी, आणि मुरमांच्या खड्ड्यांसाठी लेझर करायचं तर त्याच्याही कितीतरी महिने आधी सुरुवात हवी.

दुसरी गोष्ट आपल्या रंगाची. १९७५ साली थॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकन त्वचातज्ज्ञांनी ऊन लागल्यावर कातडी कशी वागते त्यावरून तिचे प्रकार पाडले. आज असे ६ प्रकार धरतात. कळंगुटच्या वाळूत लालबुंद होऊन पहुडलेला परदेशी पाहुणा पहिल्या-दुसऱ्या प्रकारातला, आपण बहुतेक चौथ्या-पाचव्यातले. आपली कातडी दुखावली की रंग जास्त तयार करते. मुरूम गेला तरी त्याचा काळा डाग राहतो, तो यामुळेच. पीलनंतर ऊन लागलं तर हेच साऱ्या चेहऱ्यावर होतं. डाग घालवायला गेलेला माणूस जास्त डाग घेऊन परततो.

आता गोव्याचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. मार्च ते मे कडक ऊन, घाम आणि त्यात काजूचा हंगाम. काजूच्या बियांच्या टरफलातलं तेल हाताला लागलं तर कातडी कशी भाजते, हे बागायतदाराला सांगायला नको. आंब्याचा चीकही त्याच कुळातला. तोच हात चेहऱ्याला लागायला वेळ लागत नाही. या दिवसांत सुट्टी असते म्हणून लोक पील करून घेतात, मी शक्यतो पावसाळ्याकडे ढकलते. तेव्हा ऊन कमी असतं. पण ढगांतूनही अतिनील किरण खाली येतात, म्हणून सनस्क्रीन जूनमध्येही लागतंच.

तयारी दोनेक आठवडे आधी सुरू करा. रोज सनस्क्रीन. आठवडाभर आधीपासून थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच बंद. रेटिनॉलची क्रीम केव्हा थांबवायची ते डॉक्टरांना विचारा, सहसा ५ ते ७ दिवस आधी. आणि काही लपवू नका. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू होत्या का, ओठांवर तापाचे फोड येतात का, कान टोचल्यावर गाठ वाढली होती का, मधुमेह आहे का, दिवस गेलेत का. तापाचे फोड येत असतील तर आधीपासून गोळी देता येते, नाहीतर ते सोललेल्या चेहऱ्यावर पसरू शकतात. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. सिगारेट ओढणाऱ्यांची जखम उशिरा भरते, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात.

सगळ्यात चोरून वापरली जाते ती गोरं करणारी मलम. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं आणि कातडी पातळ होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी शेजारणीच्या शिफारशीवर ती घरात येतातच. ती ट्यूब घेऊन या, मी रागावणार नाही.

पील झाल्यावर पहिल्या दिवशी चेहरा ताणल्यासारखा वाटतो. तिसऱ्या दिवसाच्या आसपास नाकाच्या कडेला आणि हनुवटीवर तपकिरी, कागदासारखे पापुद्रे सुटू लागतात. एक टोक मोकळं लोंबत असतं आणि आरशासमोर बोट आपोआप तिकडे जातं. ओढू नका. त्याखालची कातडी तयार नसेल तर तिथेच डाग पडतो. कोमट पाण्याने, साध्या क्लेंझरने धुवा आणि मऊ कपड्याने टिपा. लेझरनंतर कातडी ओली असेल तर विहिरीचं पाणी उकळून गार करून वापरा.

पूर्वी म्हणत, जखम उघडी ठेवा, सुकू द्या. १९६२ साली संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या जखमांवर पाहिलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी लवकर धरते. नव्या गिलाव्याला आपण पाणी मारतो ना, तसं. म्हणून मॉइश्चरायझर वरचेवर लावा. खोल लेझर झालं असेल तर साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. मात्र आपल्या दमट हवेत तो जाड थापला तर घामाने पुरळ उठतं. कातडी भरून येईपर्यंत समुद्र, स्विमिंग पूल, जिम, वाफ नको. लिंबू तर नकोच, लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की कातडी भाजल्यासारखी होते.

कातडी बंद झाली की सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, दोन बोटांच्या लांबीइतकं चेहरा-मानेला, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. रंगीत सनस्क्रीनमधलं आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशालाही अडवतं, त्यामुळे डागांची सवय असलेल्यांनी तेच घ्यावं. स्कूटरवर हेल्मेटची काच पुरेशी समजू नका. छत्री, टोपी हवीच. जेवणात आवळा, पेरू, बांगडा, तारले, डाळ चालू द्या. कोलॅजनला क जीवनसत्त्व आणि प्रथिनं लागतात आणि ती ताटातूनच मिळतात.

दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, पू आला, ताप आला किंवा बारीक पाण्याच्या फोडांचा घोस दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रविवार असला तरी. आणि काही आठवड्यांनी डाग उमटलेच, तर घाईने दुसरं पील करून घेऊ नका. असे डाग उन्हापासून जपलं तर सहसा काही महिन्यांत फिके होतात. तोवर फक्त छत्री आणि सनस्क्रीन सोडू नका. नमस्कार.