गळकं छप्पर आणि पडलेला सिबिल

(पावसाळ्याआधी एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांपुढे दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार. मे महिन्यात मिस्त्री मिळत नाही आणि जूनमध्ये मिळाला तरी पाऊस त्याला काम करू देत नाही, म्हणून हा विषय आजच घेतलाय. पगारदारांच्या पतसंस्थेत मी बरीच वर्षं कर्ज विभाग सांभाळला. घरदुरुस्तीसाठी येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "साहेब, सिबिल खराब आहे, कर्ज कुठे मिळेल?" (सिबिल म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली यावरून मिळणारा गुण.) माझ्या मते हा तिसरा प्रश्न झाला. त्याच्याआधी दोन येतात. काम नेमकं किती आहे, आणि ते मुळात कुणाच्या खर्चाचं आहे? हे दोन सुटेपर्यंत कर्जाच्या खिडकीकडे जाऊच नका.

कामाचं बघू. स्लॅबचं प्लास्टर सुटून गज दिसायला लागले असतील तर थांबायचं नाही. गज गंजला की फुगतो आणि भोवतालचं काँक्रीट आणखी फोडतो. मेन स्विचजवळ जळका वास येतोय, ड्रेनेजचा पाइप फुटलाय, पत्रे सुटलेत, ही सगळी आजची कामं. पण कॉन्ट्रॅक्टर घरात आला की म्हणतो, "एवढी तोडफोड होतेच आहे तर टाइल्सही बदलून घ्या, हॉलला पीओपी करून टाकू." आपल्यालाही मोह होतो. पैसे स्वतःचे असले तर करा हौस. महागाच्या उसनवारीवर टाइल्स बदलू नका. आणि ओल थांबायच्या आधी रंग तर काढूच नका. पुढच्या पावसात पोपडे धरतात आणि रंगाचा खर्च पुन्हा बोकांडी बसतो.

अंदाजपत्रक घेताना "सगळं मिळून एवढे" असा आकडा स्वीकारू नका. कुठलं काम, किती स्क्वेअर फूट, दर काय, माल कुणाचा, हे ओळीओळीने लिहून घ्या. दोघातिघांकडून घ्या. मग त्यातल्या कुठल्या ओळी दिवाळीनंतर करता येतील ते कळतं.

आता कुणाच्या खर्चाचं, हा प्रश्न. इथे वरच्या मजल्यावरचे सभासद बसलेत, त्यांनी कान द्या. आपल्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नियमावलीप्रमाणे, गच्चीतून झिरपणारं पावसाचं पाणी, बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती आणि त्या पाण्यामुळे वरच्या मजल्यावरच्या घरात खराब झालेलं छताचं प्लास्टर, ही सगळी दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते. त्यासाठीच तर बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) गोळा करतात. तरीही माणसं स्वतः कर्ज काढून गच्चीवर वॉटरप्रूफिंग करतात, का तर कमिटीशी वाद नको! लेखी अर्ज द्या, पोच घ्या, सर्वसाधारण सभेत विषय मांडा. मात्र वरच्या घरातल्या न्हाणीघराची गळती असेल तर ते त्या सभासदाचं काम, सोसायटीचं नाही.

भाडेकरूंचं वेगळं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोगी ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने काही केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. म्हणजे जुन्या पागडीच्या खोलीला महिना शंभर रुपये भाडं असेल तर वर्षाला वळते होणार तीनशे. तेवढ्यात मिस्त्री जिनाही चढत नाही. मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींना म्हाडाच्या दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा रस्ता आहे. तिथे अर्ज न करता खासगी कर्ज काढणं म्हणजे भरलेला उपकर वाया घालवणं. गावाकडचं घर वादळात पडलं असेल तर आधी फोटो, मग तलाठ्याकडून पंचनामा, मग दुरुस्ती. मिळणारी सरकारी मदत लहान असते, पण ती फेडायची नसते.

एवढं चाळून जे उरेल ते पैसे उभे करायचे. सिबिल पडलेल्या माणसासाठी इथे एकच सूत्र धरा: ज्याच्याकडे तुमचंच काहीतरी तारण आहे, तो तुमच्या इतिहासाकडे कमी बघतो. मुदत ठेवीवर, परतावा-मूल्य (मध्येच बंद केली तर मिळणारी रक्कम) जमलेल्या विमा पॉलिसीवर कर्ज मिळतं. पीपीएफचं खातं तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात असेल तर त्यावरच्या कर्जाला फक्त एक टक्का व्याज आहे, आणि ते खुद्द खातेदारांनाच माहीत नसतं. नोकरदारांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या भविष्य निर्वाह निधीतून घरदुरुस्तीसाठी रक्कम काढता येते. ते कर्जच नसल्यामुळे सिबिलचा संबंध येत नाही. अटी मात्र अर्जाच्या दिवशी बघा, कारण ऑक्टोबर २०२५ मध्ये या निधीच्या विश्वस्त मंडळाने त्या बदलायचं ठरवलं. आणि ती म्हातारपणाची शिदोरी आहे. स्लॅबसाठी काढा, मॉड्युलर किचनसाठी नाही.

सोनेतारणाबद्दल आपल्याकडे अजून लाज आहे. बायकोचे दागिने ठेवायचे म्हटलं की पुरुष गप्प होतात आणि तेच महिना तीन टक्क्यांनी बाहेरून पैसे उचलतात. हिशोब करा. तीस हजारांना महिना तीन टक्के म्हणजे दरमहा नऊशे रुपये नुसतं व्याज, वर्षाला छत्तीस टक्के. तेच वर्षाला बारा टक्क्यांनी सोन्यावर मिळाले तर तीनशे. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत मर्यादा आहे. अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख दिलेली आहे. मुद्दल आणि व्याज शेवटी एकदम भरायचं असेल तर ते व्याजही या मर्यादेतच धरतात, त्यामुळे हातात रक्कम कमी येते. आणि हे दागिने कुणाच्या अंगावरचे आहेत, तिला विचारूनच ठेवा. कर्जाच्या कागदावर ती रांगेत शेवटी उभी असते, सोनं मात्र तिचं जातं.

तारण काहीच नसेल तर पगारदारांची पतसंस्था किंवा बचत गट. पतसंस्थेला तुमचा पगार दिसतो, हप्ता पगारातून कापून घेता येतो, म्हणून ती सिबिलवर अडून बसतेच असं नाही. तिथेही एक विचारा: व्याज सरळ, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर, की घटत्या शिलकेवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावर? पन्नास हजारांना दोन वर्षं बारा टक्के सरळ व्याज लावलं तर हप्ता २,५८३ रुपये बसतो, आणि घटत्या शिलकेने तो दर साधारण साडेएकवीस टक्के पडतो. बारा ऐकून सही करणारा माणूस साडेएकवीस भरतो.

मोबाइलवरच्या कर्ज ॲपला मी सरसकट शिव्या देत नाही, पण जे ॲप तुमची संपर्क यादी आणि फोटो मागतं ते पुढच्याच क्षणी काढून टाका. रिझर्व्ह बँकेने ते मागायला मनाई केलेली आहे. मागे कुठली बँक किंवा वित्तसंस्था आहे, हे नावानिशी दिसलं पाहिजे. आणि "सिबिल शंभर टक्के सुधारून देतो, आधी फी भरा" म्हणणाऱ्याला चहासुद्धा विचारू नका.

सिबिलचा अहवाल मात्र आज रात्रीच काढा. देशात कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या अशा चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. फेडलेलं कर्ज चालू दिसतंय का, दुसऱ्याचंच कर्ज तुमच्या नावावर पडलंय का, ते तपासा. तक्रार केल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाईची तरतूद आहे.

एक चिठ्ठी आलीये: "मेव्हण्याला जामीन राहिलो, त्याने हप्ते थकवले, आता माझ्याच घराला कर्ज मिळत नाही. काय करू?" जामीनदार म्हणजे कर्जदारच, फक्त पैसे न मिळालेला. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला दोघांवरही निघू शकतो. तेव्हा संस्थेकडे लेखी विचारा, थकबाकी आज नेमकी किती. मेव्हण्याला घेऊन एकत्र जा आणि हप्ते बांधून मागा. काही रक्कम सोडून तडजोड करत असतील तर अहवालात "सेटल्ड" अशी नोंद पडते, आणि पुढचा सावकार तिच्याकडे बोट दाखवतो. पूर्ण भरणं शक्य असेल तर पूर्ण भरा, आणि बेबाकी दाखला (काही देणं उरलं नाही असा) हातात पडल्याशिवाय तिथून उठू नका. तोवर तुमच्या घराचं काम सोन्यावर किंवा ठेवीवर उरकता येतं का बघा. मेव्हण्याला दुसऱ्यांदा सही देऊ नका, एवढं मी बहिणीसमोरही सांगेन.