गाडी पुढून खटखटते तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस ओसरू लागला की ठाणे आणि नवी मुंबईतल्या गॅरेजांत एकच तक्रार घेऊन गाड्या येऊ लागतात. "पुढून आवाज येतोय." कोणी रोज घोडबंदर रोडने ये-जा करणारा असतो, कोणी शिळफाट्यावरून महाप्याला नोकरीला जाणारा. चार महिने खड्डे खाल्ल्यावर गाडीचा पुढचा भाग बोलायला लागतो. आणि बरेच जण येतानाच निदानही करून येतात, "शॉकअप गेलेत बहुतेक, बदलून टाका." या घाईबद्दलच आज मला बोलायचं आहे. शॉकअपची, म्हणजे रस्त्याचे धक्के जिरवणाऱ्या नळकांड्यांची, जोडी बदलणं हे खर्चाचं काम. ते करूनही खटखट तशीच राहिलेली मी पुष्कळ वेळा पाहिली आहे, कारण वाजत असतो भलताच एखादा किरकोळ किमतीचा भाग.

म्हणून माझी पहिली विनंती ही, की गॅरेजमध्ये गेल्यावर भागाचं नाव सांगू नका. आवाज नेमका कधी येतो ते सांगा. कुठून येतो, यावर फार विसंबता येत नाही. आजच्या लहान गाड्यांना वेगळी चासी नसते, सगळी एकसंध पत्र्याची बॉडी असते. डाव्या चाकापाशी झालेली ठक लोखंडातून फिरत येते आणि चालवणाऱ्याच्या पायाखाली वाजते. पण ब्रेक दाबताना की वळताना, एका चाकाखाली खड्डा आल्यावर की गाडी उभी असतानाही, एवढं नीट सांगितलंत तर चांगला मिस्त्री निम्म्या वाटेवर तिथेच पोचतो.

पुढची रचना थोडक्यात सांगतो. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली, तिच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट होते आणि आजही आपल्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान गाड्यांत तेच आहेत. शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग मिळून एक उभा खांब. तो वर बॉनेटखाली रबरी माउंटिंगला धरलेला, खाली चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाला. नकल खालून बॉल जॉइंटने लोअर आर्मवर बसते आणि लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा आडवा हात, रबरी बुशांनी गाडीला जोडलेला असतो. बुश म्हणजे लोखंडी नळीभोवतीचं रबर. स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकतो तो स्टिअरिंग रॅक, त्यातून दोन्ही बाजूंना चाकं वळवणारे टाय रॉड निघतात. शिवाय पुष्कळ गाड्यांत डाव्या-उजव्या बाजूंना बांधणारी एक वाकवलेली सळई असते, ती स्टॅबिलायझर बार. तिची टोकं लिंक रॉडने सस्पेन्शनला, म्हणजे चाकं तोलणाऱ्या या जोडणीला, अडकवलेली असतात. खटखट शोधायची ती मुख्यतः या मंडळींत.

आधी डिकी रिकामी करा. जॅक, पाना, सैल बसलेली स्टेपनी, हे सगळं हुबेहूब सस्पेन्शनसारखं वाजतं. नुकतंच पंक्चर काढलं असेल तर चाकाचे नट पान्याने तपासा. नट ढिले असतील तर पुढचं काहीही करण्याआधी ते आवळायचे. मग एसी आणि गाणी बंद, काचा खाली, आणि सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये भिंतीलगत गाडी अगदी हळू न्या. मोकळ्या रस्त्यावर हरवणारा आवाज भिंतीवर आपटून स्पष्ट ऐकू येतो. टॉवरमध्ये राहणाऱ्यांना ही सोय घरातच आहे, तिचा फायदा घ्यावा.

आता रस्त्यावरची तपासणी. रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा स्पीडब्रेकर घ्या आणि दोन्ही चाकं एकदम वर चढवा. नंतर उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून एकच बाजू न्या. दोन्ही चाकं एकत्र वर-खाली झाली की स्टॅबिलायझर बारला पीळ पडत नाही, त्यामुळे तिचे लिंक रॉड बहुतेक गप्प राहतात. एकच चाक हललं की बार पिळते आणि लिंक रॉड वाजू लागतात. म्हणजे स्पीडब्रेकरवर शांत आणि पेव्हर ब्लॉकवर टकटकटक, तर पहिला संशय लिंक रॉडवर.

हा लिंक रॉड जवळून बघण्यासारखा आहे. बोटाएवढी जाड दांडी आणि दोन टोकांना खांद्याच्या सांध्यासारखे दोन छोटे गोल सांधे. गोळ्याभोवती प्लॅस्टिकची वाटी, आत ग्रीस, वरून रबरी टोपी. ती टोपी एकदा फाटली की आपल्याकडच्या रस्त्यांवरचा चिखल थेट आत जातो. ग्रीस धुऊन निघतं, वाटी झिजते, आणि मिलिमीटरभर ढिलेपणाही आख्खी गाडी वाजवायला पुरतो. तो तपासताना गाडी जमिनीवरच उभी ठेवावी. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, टायरच्या मागे हात घालून रॉड मुठीत धरा आणि जोरात हिसडा. ढिला असेल तर हाताला टक लागते. बरेच जण एक चाक जॅकवर उचलून हे बघतात आणि "रॉड टाइट आहे" म्हणून निकाल देतात. पण चाक लोंबलं की बार पिळलेली राहते, तिच्या ताणाने रॉड घट्ट धरला जातो आणि ढिलेपणा लपतो.

ब्रेक दाबताना किंवा रिव्हर्समधून पुढे निघताना एकदाच धप्प होत असेल तर लोअर आर्मचे बुश बघायचे. ब्रेकचा जोर त्यांच्यावर येतो. रबराला भेगा पडतात, ते आतल्या लोखंडी नळीपासून सुटतं, आणि दर ब्रेकला आख्खा आर्म पुढे-मागे सरकतो. मिस्त्रीला टॉमी, म्हणजे छोटी पहार, लावून आर्म हलवून दाखवायला सांगा. निरोगी बुश थोडा दबून परत येतो, गेलेला नुसता लुळा पडलेला असतो. इंजिनचं माउंटिंग बसलं असेल तरीही असाच धप्प होतो, म्हणून तेही त्याच वेळी बघून घ्यावं. आणि खराब रस्त्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवताच खडखड थांबत असेल, तर सस्पेन्शनला हात लावू नका. ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना किंवा ते पॅड सैल आहेत.

गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर टण्ण असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज येतो तो स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगचा किंवा त्यातल्या बेअरिंगचा. बेअरिंग जाम झालं की स्प्रिंग स्ट्रटबरोबर वळत नाही. आधी पीळ धरते, मग झटक्याने सुटते. बॉनेट उघडल्यावर माउंटिंगचा माथा दिसत असेल तर कोणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगून त्यावर बोटं ठेवा, झटका कळतो. स्प्रिंगच्या वेढ्यांत मात्र बोटं कधीही घालायची नाहीत.

खटखट थेट हातात, स्टिअरिंगमध्ये जाणवत असेल तर वाट वेगळी. गाडी जमिनीवर, इंजिन चालू, आणि एकाने स्टिअरिंग बोटभरच डावी-उजवीकडे हलवत राहायचं. दुसऱ्याने टाय रॉड एंडवर हात ठेवायचा, मग रॅकच्या रबरी बूटवर, मग आत पेडलच्या वर कॉलमच्या, म्हणजे स्टिअरिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्याच्या, जॉइंटपाशी कान द्यायचा. कॉलमवर मोटर असलेल्या काही इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये मोटरजवळ एक लहानसा रबरी कपलिंगचा तुकडा असतो. तो झिजला तरी सरळ रस्त्यावर टिकटिक होते आणि त्यापायी पूर्ण रॅक बदलण्याचा सल्ला मिळू शकतो. खर्च मान्य करण्याआधी हा तुकडा जरूर पाहायला लावा. रॅकच सैल असेल तर काही गाड्यांत तो ॲडजस्ट होतो, पण जास्त आवळला तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. हे काम जाणत्यानेच करावं.

पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिल्यावर कटकटकट येतं आणि वेगाबरोबर वाढतं, तो ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला पोचवणाऱ्या दांड्याचा, सीव्ही जॉइंट. हा त्या दांड्याचा वळता सांधा. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं की खात्री पटते.

आता चाक उचलून बघायचं. सपाट जागा, मागच्या चाकांना दगड, आणि जॅकसोबत स्टँड हवाच. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकंच काय, हातही घालू नका. यात सवलत नाही. चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. हललं तर टाय रॉड एंड किंवा आतला रॅक एंड, म्हणजे टाय रॉडचं रॅककडचं टोक. बारा आणि सहाच्या जागी हललं तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. या दोघांत फरक असा करतात, की दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. हलणं थांबलं तर बेअरिंग, ब्रेक दाबूनही हलत राहिलं तर बॉल जॉइंट.

लिंक रॉड वाजत असला तर महिनाभर चालून जाईल, त्रास होईल इतकंच. पण बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंडमध्ये ढिलेपणा दिसला, तर कृपा करून "पगार झाल्यावर बघू" म्हणू नका. बॉल जॉइंट सुटला की चाक आडवं पडतं. टाय रॉड सुटला की ते चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही. सायन-पनवेल महामार्गावर मागून ट्रेलर येत असताना हे झालं तर काय होईल, याचा विचार करा. गाडी सरळ रस्त्यावर भरकटते, सारखी सावरावी लागते आणि सोबत खटखट आहे, अशी स्थिती असेल तर ती चालवत गॅरेजला नेऊ नका. टोइंग बोलवा.

दुरुस्तीच्या वेळी शक्यतो समोर उभे राहा. जुना भाग हातात घेऊन हलवून बघा. शॉकअप बदलायचेच असतील तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला. आर्म, टाय रॉड किंवा स्ट्रटचं काम झालं की व्हील अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर एका कडेने झिजतात. नुसत्या लिंक रॉडला त्याची गरज नसते.

लोअर आर्मचे बुश नवे घातले असतील तर त्यांचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी लिफ्टवर चाकं लोंबकळत असता कामा नये. बहुतेक गाड्यांत वजन चाकांवर आल्यावरच ते आवळायचे असतात. लोंबत्या चाकांवर आवळले तर खाली उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश लवकर फाटतो. मिस्त्रीला हे आधीच सांगा. आणि काम संपल्यावर त्याला शेजारी बसवून, जिथे आवाज येत होता त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने ट्रायल मारा. पैसे त्यानंतर द्या.

नमस्कार.