खारा बर्फ दाबताना

(धुळ्यातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, लग्नकार्यात ज्यांनी बर्फाची लादी टेम्पोतून उतरवून घेतली असेल, त्यांनी एक गोष्ट पाहिलेली आहे. लादी कडेने काचेसारखी स्वच्छ असते आणि मधोमध पांढरट पट्टा असतो. कारखान्यात पाण्याचे डबे मिठाच्या थंड पाण्यात उभे असतात. ते मीठपाणी उणे दहा अंशांच्या आसपास असतं, पण गोठत नाही. डब्यातलं पाणी भिंतींकडून आत गोठत येतं आणि गोठताना हवा, क्षार, जे काही नको ते मध्याकडे ढकलतं. तो पांढरा पट्टा म्हणजे बर्फाने नाकारलेला माल.

आम्ही, म्हणजे मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी, एका डब्यात साधं पाणी न भरता समुद्रासारखं, म्हणजे किलोला पस्तीस ग्रॅम मिठाचं पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी डबा उलटा केला, तर लादीच्या पोटातून जहाल खारट पाणी वाहून गेलं. मिस्त्री बघून म्हणाले, ''मीठ मजार पळी जास, सर.'' म्हणजे मीठ आत पळून जातं. समुद्री बर्फाचं शास्त्र समजून घ्यायला याहून सोपं वाक्य मला आजवर मिळालेलं नाही.

समुद्रात मात्र भिंती नसतात. थंडी वरून येते, बर्फ खाली वाढत जातो. समुद्राचं पाणी उणे १.८ अंशाला गोठतं. बर्फाचा स्फटिक मीठ आत घेत नाही, त्यामुळे बरंचसं मीठ खालच्या पाण्यात उतरतं. पण स्फटिक वाढतात ते पातळ पापुद्र्यांनी, आणि दोन पापुद्र्यांतलं अंतर अर्धा ते एक मिलिमीटर. त्या फटींत खारं पाणी अडकून राहतं. आपण ज्याला घट्ट बर्फ म्हणतो, त्याच्या अंगात लाखो बारीक कप्पे असतात, आणि त्यांतलं पाणी अजून पाणीच असतं. थंडी वाढली की कप्पे आक्रसतात, ऊब आली की फुगतात. म्हणून या बर्फाची ताकद एका आकड्यात सांगताच येत नाही.

१९९४ साली टिम्को आणि ओब्रायन या दोन संशोधकांनी जगभरातल्या नऊशेहून अधिक चाचण्या एकत्र करून, कप्प्यांचं प्रमाण आणि वाकवल्यावर तुटण्याची ताकद यांचं सूत्र मांडलं. किलोला पाच ग्रॅम मीठ उरलेला बर्फ घेऊन मी ते सूत्र मुलांकडून सोडवून घेतलं. उणे वीस अंशांना दर चौरस सेंटिमीटरला पावणेनऊ किलो. तोच बर्फ उणे दोन अंशांना आला की सव्वादोन किलो. जाडी तीच, दिसायला तोच, आणि ताकद चौथाई.

याने कोणाला काय फरक पडतो? कॅनडात नॉर्थंबरलँड सामुद्रधुनीवर १९९७ साली सुमारे तेरा किलोमीटरचा कॉन्फेडरेशन पूल उघडला. त्याच्या खांबांना पाण्याच्या पातळीशी शंकूचा आकार दिलाय. वाहत आलेला बर्फ त्या उतारावर चढतो, वाकतो आणि तुटतो. सरळ खांबावर तोच बर्फ चिरडावा लागला असता, आणि चिरडायला वाकवून तोडण्यापेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो. खांबावर येणारा भार ठरवायचा तर या दोन्ही ताकदी कोणीतरी मोजलेल्या असाव्या लागतात. आपली अंटार्क्टिकातली दोन केंद्रं, १९८९ पासूनचं मैत्री आणि २०१२ पासूनचं भारती, यांना रसद नेणारं जहाजही याच बर्फातून वाट काढतं.

ध्रुवीय संशोधनात काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने विचारलं, ''सर, दोघांना उचलता येईल असं बर्फ दाबायचं यंत्र आपल्याकडे करता येईल का?'' मी तंत्रनिकेतनात पस्तीस वर्षं मशीन शिकवलं. सिमेंटचे ठोकळे दाबायचं यंत्र पोरं रोज चालवायची. हो म्हणालो.

हिशेब सोपा वाटला. बर्फातून काढलेला दंडगोल नऊ सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे क्षेत्रफळ चौसष्ट चौरस सेंटिमीटर. दाबून चिरडायला चौरस सेंटिमीटरला दहापासून शंभर किलोपर्यंत लागू शकतात. शंभर धरले तरी साडेसहा टन. ट्रकचा दहा टनी जॅक आग्रा रोडवर कुठल्याही गॅरेजात मिळतो. लोखंडी चॅनेल वेल्ड करून फ्रेम केली, जॅक बसवला, वर भार मोजणारा लोड सेल.

आकडे असे विखुरले की त्यांची सरासरी काढायचीही लाज वाटावी. त्यातली पहिली चूक जॅकची. हँडल मारलं की रॅम, म्हणजे जॅकचा दांडा, झटक्याने सरकतो, मग थांबतो. आणि बर्फाला वेगाचं फार असतं. सावकाश दाबला तर तो शिळ्या गुळासारखा हळूहळू बसतो, तुटत नाही. झटक्यात दाबला तर काचेसारखा फुटतो. या दोन वागण्यांच्या सीमेवर, म्हणजे दर सेकंदाला लांबीच्या हजाराव्या हिश्श्याइतकं दाबलं की ताकद सर्वांत जास्त दिसते. साडेबावीस सेंटिमीटरच्या नमुन्याला याचा अर्थ सेकंदाला पाव मिलिमीटरहून थोडं कमी. हाताने हे जमणार नाही. मग आम्ही मोटर, गिअरबॉक्स आणि स्क्रू लावला. साडेसहा टन या वेगाने सरकवायला निव्वळ शक्ती किती लागते, माहीत आहे? पंधरा वॅट. घर्षणात जाते ती वेगळी, पण मूळ काम घरच्या एका दिव्याएवढं. मला हा आकडा अजूनही फार सुंदर वाटतो.

दुसरी चूक सापडायला चार महिने गेले. ती समजून सांगावी म्हणून मी आज खरं तर आलोय. बर्फ तुटेपर्यंत अर्धा मिलिमीटर दबतो. आमची चॅनेलची फ्रेम त्याच भाराखाली एक मिलिमीटर ताणली जायची. डोळ्याला दिसत नाही, बारीक सरकणं मोजणारा डायल गेज लावल्यावर दिसलं. म्हणजे मोटर दीड मिलिमीटर चालली, त्यातला एक मिलिमीटर लोखंडाने खाल्ला. आम्ही वहीत जो वेग लिहीत होतो, त्याच्या एक तृतीयांश वेगानेच बर्फ दबत होता. शिवाय ताणलेली फ्रेम म्हणजे आवळलेली स्प्रिंग. बर्फाला पहिला तडा गेला की ती सगळी सुटते आणि नमुन्याचा भुगा करते. तडा कुठून सुरू झाला, हे पाहायला काही उरतच नाही. आम्ही ज्याला बर्फाची ताकद म्हणत होतो, त्यात आमच्या फ्रेमची लवचीकता मिसळलेली होती.

मग फ्रेमला चाळीस मिलिमीटर जाडीचे चार लोखंडी खांब घेतले. त्यांचं ताणणं हिशेबाने मिलिमीटरच्या वीसाव्या हिश्श्याहूनही कमी येतं. उरला दोष वरच्या आडव्या प्लेटचा आणि आट्यांमधल्या ढिलाईचा. प्लेट जाड केली, नट दुहेरी आवळले. आणि मुख्य म्हणजे दबणं फ्रेमवर मोजायचं सोडून नमुन्याच्या अंगावरच मोजायला लागलो. त्या दिवशी आकडे पहिल्यांदा एकमेकांजवळ आले.

नमुन्याची टोकंही तितकीच महत्त्वाची. दोन्ही टोकं समांतर नसतील तर एक कोपरा आधी फुटतो आणि तोच बर्फाचा आकडा म्हणून लिहिला जातो. आम्ही लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, बर्फ धरून फेसिंग केलं, म्हणजे टोकं सपाट कापली, आइस्क्रीमच्या गोदामात, उणे अठराला. (केळीची कोल्ड स्टोरेज आपल्याकडे भरपूर, पण ती तेरा अंशांच्या आसपास चालतात, कारण त्याखाली केळं काळं पडतं. आपल्याला ती उपयोगाची नाहीत.) धारदार टूल, बारीक कट. बर्फाची पिठी उडत राहते, हातमोजा काढला तर बोट चकला चिकटतं. माझ्या एका विद्यार्थिनीने तिथे दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या करून साठ नमुने तयार केले.

बर्फ मात्र डब्यातला चालत नाही, तो भिंतींकडून गोठलेला असतो. आम्ही पिंपाला बाजूंनी आणि खालून जाड थर्मोकोल लावलं, वरचं तोंड उघडं ठेवलं, म्हणजे समुद्रासारखा वरून खाली वाढेल. पहिलं पिंप फुटलं. पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं, आणि खाली अडकलेल्या पाण्याला जायला वाट नव्हती. मग तळाशी नळी काढून दिली.

नमुना पाण्याबाहेर काढला की त्यातलं खारं पाणी ठिबकायला लागतं. तुम्ही दाबता तो बर्फ समुद्रातल्या बर्फाहून वेगळा झालेला असतो. म्हणून प्रत्यक्ष जागेवर एक जुनी पद्धत अजून वापरतात. तरंगत्या बर्फातच तीन बाजूंनी करवतीने पट्टी कापायची, चौथी बाजू जोडलेली ठेवायची आणि मोकळं टोक दाबून तोडायचं. मीटरभर जाड बर्फात सात मीटर लांब पट्टी कापणं म्हणजे अख्ख्या दिवसाची मेहनत, पण बर्फ आपल्या जागी, आपल्या तापमानात तुटतो. आमचं यंत्र त्याला पर्याय नाही, जोड आहे.

इथे टेबलावर थर्मोकोलच्या पेटीत दोन पट्ट्या आहेत. चार बाय चार सेंटिमीटर, एक गोड्या पाण्याची, एक खाऱ्या. बाहेर त्रेचाळीस अंश आहे, तेव्हा पेटी उघडल्यावर फार वेळ मिळणार नाही. पट्टी दोन टेकूंवर ठेवू, मधोमध बादली टांगू, आणि तांब्या-तांब्याने पाणी ओतू. आधी खारी. पुढच्या ओळीतल्या पोरांनो, तांबे मोठ्याने मोजा.