तोच जंतू, पुन्हा रक्तात

केमोथेरपीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान रक्तपेशींचे काउंट तळाला जातात. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, दर मायक्रोलिटरला ५००च्या खाली गेल्या की पू धरायलाही पेशी उरत नाहीत. सूज नाही, लाली नाही. असतो तो फक्त ताप. म्हणून १००.४ फॅरनहाइट ताप तासभर टिकला तर तो अंगावर काढायचा नाही. रुग्णालयात पोहोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. न मोजताच पॅरासिटामॉल घेतलं, तर ताप झाकला जातो आणि जंतू वाढत राहतात.

काहींचा ताप उपचाराने उतरतो, ते घरी जातात, आणि काही दिवसांतच पुन्हा हुडहुडी भरते. कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, जंतूही तोच. अशा वेळी आधी बघायचं औषधासाठी शिरेत बसवलेल्या नळीकडे: छातीवरच्या केमोपोर्टकडे, दंडातल्या पिक लाइनकडे. नळी फ्लश केल्यावर, म्हणजे सलाइनने धुतल्यावर, थोड्या वेळात थंडी वाजत असेल, तर संशय पक्का होत जातो.

नळीच्या आतल्या भिंतीला जंतूंचा चिकट थर धरतो. रक्तातले जंतू औषधाने मरतात, थरातले तग धरतात. औषध थांबलं की तेच सुटून रक्तात येतात.

खात्रीसाठी ब्लड कल्चरचे दोन संच लागतात, अँटिबायोटिकच्या आधी: एक नळीतून, एक हाताच्या शिरेतून. दोन्ही एकाच वेळी, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली, दोन्हीकडे सारखंच रक्त. नळीची बाटली हाताच्या बाटलीपेक्षा किमान दोन तास आधी पॉझिटिव्ह आली, तर उगम नळीत. बाटलीवर जागा आणि वेळ लिहिली नाही, तर ही तुलनाच करता येत नाही.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्यूडोमोनास किंवा कॅन्डिडा बुरशी निघाली, तर नळी सहसा काढावीच लागते. महागाचा पोर्ट गमावणं जिवावर येतं, पण तो ठेवणं जास्त धोक्याचं. त्वचेवरचे सौम्य स्टॅफिलोकॉकस असतील, तर नळीत अँटिबायोटिक भरून ठेवायचा लॉक करून पाहता येतो; शिरेतलं औषध सोबत चालूच.

परळच्या टाटा रुग्णालयात केमो घेऊन नांदेडला, जळगावला परतणाऱ्यांनी जुना कल्चर रिपोर्ट फाइलमध्ये ठेवावा. क्लेबसिएलासारख्या जंतूवर मागच्या वेळी कोणतं औषध चाललं नाही, हे नव्या डॉक्टरांना तिथूनच कळतं.

दर वेळी वेगळा जंतू निघाला, तर दोन शक्यता: केमोने सोललेल्या आतड्याच्या अस्तरातून शिरणारे जंतू, किंवा नळीची हाताळणी. नळीचं सिरिंज लावायचं तोंड, म्हणजे हब, स्पिरिट स्वॅबने किमान १५ सेकंद घासायचा आणि वाळू द्यायचा. ओल्यावरच सिरिंज लावली जाते, तिथे चूक होते. पोर्टमध्ये टोचलेली ह्यूबर सुई सातव्या दिवशी बदलायची, आणि ड्रेसिंग ओलं झालं किंवा सुटलं, तर लगेच.