आधी कोण जाणार?

विषय विमान कंपन्यांतल्या नोकरकपातीचा दिलाय, पण सुरुवात बँकेपासून करतो. पुढच्या दोन रांगा बँकवाल्यांच्याच दिसतायत, तेव्हा चालून जाईल.

२००० साली सरकारी बँकांत व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. वय ४० किंवा नोकरी १५ वर्षं; झालेल्या प्रत्येक वर्षामागे ६० दिवसांचा पगार. लाखभर लोक बाहेर पडले. आमचे अण्णामामा त्यातले एक. साहेबांचा अंदाज असा, की दांडीबहाद्दर अर्ज करतील. अहो, ते कशाला करतील? त्यांना बाहेर कोण उभं करणार! अर्ज आले ते मामांसारख्यांचे. मामा शुक्रवारी निरोपाचा नारळ घेऊन घरी आले आणि सोमवारी स्ट्राँगरूमचं दार उघडेना. दुसरी किल्ली फिरवताना जराशी वर उचलावी लागते, हे फक्त मामांना ठाऊक. शिपाई धावत घरी. मामा सोवळ्यात. मामी म्हणाली, “बँकेनं सोडलंय त्यांना, आता देव सोडेल तेव्हा येतील.” (हशा) अर्ध्या तासानं मामा गेले, किल्ली उचलली, दार उघडलं. बदल्यात चहा मिळाला, तोही बिनसाखरेचा. मधुमेह मामांना नव्हता, मॅनेजरना होता.

तर, अमेरिका. तिथल्या विमान कंपन्यांत सगळा कारभार सीनिऑरिटीचा. शेवटी आला तो आधी घरी. म्हणजे कपात केली की जातो तो सगळ्यांत कमी पगाराचा माणूस. वरचा महागडा कॅप्टन जागचा हलत नाही. शिवाय वैमानिक म्हणजे कारकून नव्हे, की आज या टेबलावर, उद्या त्या. खालचे गेले की वरचे एकेक पायरी खाली सरकतात, विमानाचा प्रकार बदलतो आणि प्रत्येकाला पुन्हा सिम्युलेटरवर, म्हणजे सरावाच्या नकली कॉकपिटात बसवावं लागतं. खर्च वाचवायला कपात करावी, तर कपातीतूनच असा नवा खर्च उभा राहतो. म्हणून वरच्यांनाच पैसे देऊन ‘या आता’ म्हणणं परवडतं. माझा मुद्दा एवढाच आहे, आणि तो सांगायला मला... अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं द्या.

साउथवेस्ट, तिथलीच एक विमान कंपनी. १९७२ मध्ये पैसे संपले तेव्हा चारातलं एक विमान विकलं, माणसं ठेवली आणि उरलेली तीन विमानं दहा मिनिटांत खाली करून, भरून परत उडवायला लागले. २०२० मध्ये कोविडात तिथल्या जवळपास १७ हजार जणांनी लांब रजा किंवा निवृत्ती घेतली; सक्तीची कपात टळली. डेल्टा या दुसऱ्या कंपनीत ४० हजारांवर लोकांनी बिनपगारी रजा घेतली. सगळं स्वेच्छेनंच झालं असं मात्र समजू नका. ३० सप्टेंबरपर्यंत कुणाला काढायचं नाही या अटीवर सरकारनं प्रवासी कंपन्यांना पगारासाठी २५ अब्ज डॉलर दिले होते. मुदत संपताच अमेरिकन एअरलाइन्स आणि युनायटेड एअरलाइन्सनं मिळून ३० हजारांवर लोकांना घरी बसवलं. त्यांच्याकडेही रजेच्या योजना होत्याच; पुरल्या नाहीत.

आणि २०२१ च्या उन्हाळ्यात प्रवासी परतले तेव्हा माणसं कमी पडली, उड्डाणं रद्द झाली. किल्ली कशी उचलायची हे ज्यांना माहीत, ते निवृत्ती घेऊन बसलेले.

आपल्याकडचं घाईत सांगतो. २००८ मध्ये मुंबईत जेट एअरवेजनं आठशेच्या आसपास लोक काढले. पोरं-पोरी गणवेशातच रस्त्यावर उतरली, राजकारण तापलं आणि दुसऱ्याच दिवशी सगळे परत कामावर. रजा नाही, अर्ज नाही, हिशोब नाही. पुढे २०२० मध्ये एअर इंडियानं बिनपगारी रजेची योजना काढली: सहा महिने किंवा दोन वर्षं, वाढवून पाचपर्यंत. मागायची सोय होतीच. पण कुणाला सक्तीनं पाठवायचं, हे ठरवायचा अधिकारही अध्यक्षांना दिलेला होता. (आपल्या नव्हे, बसा, बसा!) उरलेलं चहाच्या वेळी विचारा.