नाकुरूची काळी हाडं

[दृश्य: मेनेंगाईच्या कड्यावरून दिसणारं शहर, पलीकडे सरोवर]

हे केनियातलं नाकुरू. एका अंगाला मेनेंगाईचं ज्वालामुखी विवर, दुसऱ्या अंगाला फ्लेमिंगोंसाठी जगभर नावाजलेलं सरोवर. पर्यटक दोन्ही बघतात आणि पुढे जातात. इथल्या पोरांच्या दातांकडे कॅमेरा सहसा वळत नाही.

पुढच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे, काहींच्या दातांना बारीक खड्डे. कितीही घासले तरी जात नाहीत, कारण हा डाग वरून बसलेला नाही. दात हिरडीच्या आत घडत असतानाच बिघडलाय. आणि तो बिघडवला घरच्या पाण्यानं.

[दृश्य: बोअरवेल, पिवळे कॅन, रांग]

पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत, म्हणजे रिफ्ट व्हॅलीत, खडक ज्वालामुखीचे, आणि त्यांच्यात फ्लोराइड भरपूर. पाण्यात कॅल्शियम पुरेसं असतं तर बरंचसं फ्लोराइड त्याच्याशी जुळून खाली बसलं असतं. पण इथल्या पाण्यात सोडियम जास्त, कॅल्शियम कमी. त्यामुळे फ्लोराइड विरघळलेलंच राहतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा आहे लिटरला 1.5 मिलिग्रॅम. खचदरीतल्या कित्येक बोअरना ती केव्हाच मागे पडलेली असते. नाकुरू सरोवरात तर लिटरला 2800 मिलिग्रॅमपर्यंत नोंद झालेली आहे. ते पाणी कुणी पीत नाही म्हणा, पण जमीन काय आहे ते त्यावरून कळतं.

या पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळून उपयोग नाही. उलट पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच राहतं. कापडानं गाळा, वाळूतून सोडा, काही फरक पडत नाही.

दात ही नुसती सुरुवात. वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइड पोटात गेलं की ते हाडांत साठतं. हाडं दाट होतात पण ठिसूळ, सांधे आखडतात, अस्थिबंध कडक होतात. पाठीचा कणा वाकायचा बंद होतो.

हाडांनाच का? कारण हाडातलं खनिज, हायड्रॉक्सीअॅपेटाइट, फ्लोराइड दिसलं की धरतं. आपल्या अंगचा हायड्रॉक्सिल हा घटक सोडतं आणि त्या जागी फ्लोराइड बसवतं. हे मेलेल्या हाडातही चालू राहतं. जमिनीत पुरलेलं हाड भूजलातून फ्लोराइड घेत राहतं. इंग्लंडमधल्या पिल्टडाउनच्या 'आदिमानवा'चं बिंग फुटलं ते याच गुणामुळे. 1949 साली केनेथ ओकली यांनी त्या हाडांतलं फ्लोरीन मोजलं, तर ते फारच कमी निघालं. सांगितली जात होती तेवढी जुनी हाडं असती तर कितीतरी जास्त असायला हवं होतं. 1953 मध्ये सगळा बनाव उघड झाला.

मग उपाय सरळच आहे. जे माणसाच्या हाडात होणार, ते आधी जनावराच्या हाडात होऊ द्यायचं.

[दृश्य: हाडांचा ढीग, भट्टी, धूर]

1990च्या दशकाच्या अखेरीपासून नाकुरूच्या कॅथलिक धर्मप्रांताच्या पाणी विभागानं हेच काम हाती घेतलं. कत्तलखान्यातून, खाटकांकडून गुरांची हाडं गोळा करायची, वाळवायची आणि भट्टीत भाजायची. ऐकायला सोपं आहे. खरी कसोटी आहे आचेची.

हाडं जाळायची नाहीत, करपवायची. साधारण 400 ते 500 अंश सेल्सियस, आणि हवा अगदी बेताची. आच कमी पडली तर आतली चरबी आणि मांसाचा अंश राहून जातो. मग पाण्याला वास येतो, आणि तसलं पाणी पोरंही तोंडाला लावत नाहीत. आच फार चढली की हाड पांढरं पडतं, दिसायला स्वच्छ, पण फ्लोराइड धरायची ताकद घसरलेली. भट्टी गरम असताना घाईनं उघडली, तरी हवा आत शिरून तेच. म्हणून ती बंद ठेवूनच निवू द्यायची.

[दृश्य: हातात तीन तुकडे, तपकिरी, काळा, पांढरा]

हे तीन तुकडे बघा. तपकिरी कच्चा, पांढरा जळालेला. मधला काळा, तो हवा. त्याचे बारीक खडे करायचे, चाळायचे, पाणी नितळ येईपर्यंत धुवायचे. भुकटी चालत नाही, पाणी तुंबतं. खडे मोठे ठेवले तर पाणी नुसतंच बाजूनं निघून जातं.

घरासाठी एक बादली, तळाला तोटी, आत हा काळा कोळसा. वरून पाणी ओता, खालून भरून घ्या. शाळेसाठी किंवा वस्तीसाठी हीच गोष्ट मोठ्या टाकीत.

आता थोडा हिशेब. धरून चालू की पाण्यात लिटरला 6 मिलिग्रॅम फ्लोराइड आहे आणि ते 1 वर आणायचंय. प्यायला आणि रांधायला घरात रोज 20 लिटर लागतं. म्हणजे रोज 100 मिलिग्रॅम काढायचं. एक ग्रॅम कोळशानं 2 मिलिग्रॅम धरलं, तर 10 किलोचा कोळसा 200 दिवस पुरेल. त्यानंतर?

त्यानंतरही पाणी तसंच नितळ येतं. आमच्या मते या पद्धतीचा सगळ्यात अवघड भाग हाच. पाण्याचा कँडल फिल्टर चोंदला की धार बारीक होते, घरच्यांना कळतं. इथे कोळसा संपला तरी बादली काहीच सांगत नाही. नाकुरूच्या विभागानं म्हणूनच फ्लोराइड मोजायची प्रयोगशाळा जवळ ठेवली. पुढे स्वित्झर्लंडच्या एवाग या जलसंशोधन संस्थेसोबत कोळशात कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या गोळ्या मिसळायची पद्धतही बसवली. गोळ्या हळूहळू विरघळतात, नवं खनिज तयार होत राहतं आणि कोळसा जास्त टिकतो.

[दृश्य: नकाशा, आफ्रिकेपासून विदर्भापर्यंत]

आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत हेच दात, हेच सांधे. पण हाडांतून गाळलेलं पाणी आपल्या किती घरांत चालेल? गाईचं हाड म्हटलं की विषय तिथेच संपतो, आणि डुकराचं म्हटलं तरी दुसऱ्या घरात तेच. हा आक्षेप अडाणीपणाचा म्हणून उडवून लावण्यात अर्थ नाही. जे पाणी लोक पिणारच नाहीत ते शुद्ध करून काय करायचं? नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं वेगळी वाट धरली, तुरटी आणि चुना. नलगोंडा पद्धत म्हणून ती ओळखली जाते, आणि टांझानियात अरुशाच्या बाजूला तिचेही प्रयोग झाले.

नलगोंडा पद्धतीत तुरटी रोज मोजून टाकावी लागते आणि खालचा गाळ रोज काढावा लागतो. हाडाच्या कोळशाला रोजचं काही नाही. थकलेला कोळसा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं धुऊन पुन्हा कामाला लावता येतो. मात्र त्या धुवणात सगळं फ्लोराइड उतरलेलं असतं. ते बोअरजवळ ओतून चालत नाही, त्याची वेगळी सोय आधीच करावी लागते.