ओव्हनमधल्या रिब्स आणि वसईच्या मावशी

नमस्कार मंडळी. आज आपल्याकडे पोर्क रिब्स आहेत, म्हणजे डुकराच्या बरगड्या, घरच्या ओव्हनमधल्या. जे खात नाहीत त्यांनी रेडिओ बंद करू नये, मधली गोष्ट सगळ्यांसाठी आहे.

दर वेळी विचारलं जातं, "ताई, कुकरला किती शिट्ट्या?" एकही नाही. कुकर आज फडताळातच राहू दे. रिब्स आधी उकडून घेणारे लोक मला माहीत आहेत, त्यातले काही माझ्या सासरचे आहेत, पण उकडल्या की चव पाण्यात उतरते आणि ते पाणी जातं सिंकमध्ये. मग वरून सॉसची अख्खी बाटली रिकामी केली तरी काय उपयोग?

दुकानात बेबी बॅक मिळतात, त्या पाठीच्या कण्याजवळच्या, आखूड. स्पेअर रिब्स पोटाकडच्या, लांब, चरबी जास्त. त्यांच्याच टोकाचा कूर्चेचा भाग छाटून बरगड्यांची पट्टी चौकोनी केली की झाला सेंट लुई कट. कुठल्याही घ्या. घरी आणून पट्टी पालथी करा. हाडांच्या बाजूला पांढरट, चकचकीत पडदा दिसेल. एका हाडावर सुरीचं टोक त्याच्याखाली सरकवा, जरा उचला, पेपर टॉवेलच्या चिमटीत धरा आणि ओढा. नुसत्या बोटांनी धराल तर निसटतो. हा पडदा चामट राहतो आणि मसाला आत जाऊ देत नाही. तेव्हा पडदा काढायचा. लिहून घेणाऱ्यांसाठी परत: पडदा काढायचा.

मसाल्याला ब्राऊन शुगर, पॅप्रिका, मीठ, मिरी, लसूण पावडर, मोहरीची पूड, थोडं तिखट. चोळा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. चोळायला हात पुरेत. हल्ली व्हिडिओत सगळे काळे हातमोजे घालून मांस थोपटत बसतात, ते स्वयंपाक करतायत की ऑपरेशन, कळत नाही.

आता गोष्ट. आम्ही अमेरिकेत कॅन्सस सिटीत राहायचो. बार्बेक्यूची पंढरीच ती. हेन्री पेरी नावाच्या गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे धुरावर भाजलेलं मांस वर्तमानपत्रात गुंडाळून विकायला सुरुवात केली, तिथून ती परंपरा. आमच्या शेजारी एक आजोबा होते, बार्बेक्यूच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून जायचे. अंगणात त्यांचं मांस धुरावर भाजायचं धुराडं, शेजारी हिकरीच्या लाकडांची रास. ओव्हनमधल्या रिबला ते बार्बेक्यू म्हणायलाच तयार नसत. बाटलीतल्या धुराचं, म्हणजे लिक्विड स्मोकचं, नाव काढलं की तोंड वाकडं. १८९५ मध्ये ती बाटली बाजारात आणणारा राइट त्यांच्याच शहरातला औषधविक्रेता, हे मी ऐकवलं की म्हणायचे, "म्हणूनच ते औषधासारखं लागतं."

त्या हिवाळ्यात माझ्या मैत्रिणीची आई आली होती, वसईची. पोर्क त्यांच्या घरचंच. बॅगेत बाटली मसाला, म्हणजे त्यांच्याकडचा बाटलीत भरून ठेवायचा मसाला, तोंडात स्पष्टपणा. बाहेर हे एवढं बर्फ, आजोबांचं धुराडं पेटेना, म्हणून मी त्यांनाही जेवायला बोलावलं आणि रिब्स ओव्हनमध्ये घातल्या. झाल्यावर आजोबांनी चिमट्याने पट्टी एका टोकाला उचलली. ती छान वाकली, वर बारीक भेगा पडल्या. मग एक रिब घेऊन मधोमध चावले आणि हाड मला दाखवलं. जिथे दात लागले तिथेच मांस सुटलं होतं, खाली पांढरं हाड, बाकीचं जागच्या जागी. म्हणाले, "ही बरोबर. एका घासात सगळं हाडावरून निघून आलं, तर आम्ही गुण कापतो."

मावशींनी एक तुकडा चावला, ताटात ठेवला आणि मला म्हणाल्या, "कच्चंय गो. ह्यांना सांग, मटण हाडावरून गळून पडलं पाहिजे." मी इंग्रजीत सांगितलं, की मावशींना जरा वेगळी आवड आहे. आजोबा काय समजायचं ते समजले. मावशी उठल्या, उरलेली अर्धी पट्टी परत फॉइलमध्ये गुंडाळली, ओव्हनमध्ये सारली आणि समोर खुर्ची टाकून बसल्या. पाऊण तासाने काढली तर हाडं हातात आणि मांस फॉइलमध्ये. वर बाटली मसाला भुरभुरला, लिंबू पिळलं.

आजोबांनी पहिल्यांदा नुसतं पाहिलं. मग एक काटा, दुसरा काटा, बघता बघता फॉइल साफ. मी विचारलं, "आणि गुण?" त्यांनी खालचे दात बोटाने जरासे हलवून दाखवले. कवळी! म्हणाले, "नियम केले तेव्हा दात माझे होते." मावशींना भाषांतर करून सांगायची गरजच पडली नाही, त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या.

बापरे, घड्याळ बघा. तर भरभर. २७५ फॅरनहाइट, म्हणजे १३५ सेल्सिअस. पट्टी फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून, मांसाची बाजू वर. बेबी बॅकना दोन ते अडीच तास, स्पेअरना तीन. १४५ फॅरनहाइटला पोर्क खायला सुरक्षित होतं, पण रिब तेव्हा चिवटच असते. त्यातलं कोलॅजन, म्हणजे मांसाला चिवट ठेवणारा भाग, वितळून मऊ जिलेटिन व्हायला हवं, त्यासाठी आतलं तापमान १९५ ते २०३ पर्यंत न्यायचं, तेही सावकाश. घाईने ओव्हन वाढवायचा नाही. मंद आच, घट्ट फॉइल. मंद आच, घट्ट फॉइल. दाताला लागणारी हवी तर आजोबांच्या वेळेला काढा, गळणारी हवी तर मावशींचा पाऊण तास वाढवा.

सॉस शेवटी. त्यात साखर असते, आधी लावला तर करपतो. फॉइल उघडा, सॉस फासा, तीन-चार मिनिटं ब्रॉइलखाली, म्हणजे ओव्हनच्या वरच्या कडक आचेखाली, आणि तिथून हलू नका, फोन आला तरी. फॉइलमधला रस टाकून देऊ नका, वरची चरबी काढून तो सॉसमध्येच आटवा. पुढच्या रविवारी अळूवड्या. नमस्कार.